शस्त्रक्रिया झालेला गोलंदाज आणि संघाचें कर्तव्य

मधल्या सुटींत आमच्या विद्यार्थ्यांमध्यें क्रिकेटविषयीं जे वाद रंगतात, त्यांतील एक मला केवळ खेळापुरता वाटत नाहीं. ज्याचें वय तिशीपलीकडे गेलें आहे व ज्याच्या शरीरावर शस्त्रक्रिया झाली आहे, अशा गोलंदाजाशीं संघानें पुनः करार करावा, कीं त्याची जागा एखाद्या तरुणास द्यावी, हा तो वाद होय. मुलें बहुधा तरुणाचा पक्ष घेतात, आणि तें त्यांच्या वयास धरूनच आहे. मला मात्र दुसरी बाजू मांडावयाची आहे.

पालघरचे शार्दूल ठाकूर ह्यांचें उदाहरण पाहूं. मार्च २०२४ मध्यें मुंबईनें ४२ व्या वेळीं रणजी करंडक जिंकला. त्या स्पर्धेच्या उपांत्य सामन्यांत तामिळनाडूविरुद्ध १०९ धांवा काढून त्यांनींच बुडता डाव सांवरला होता. पुढें जून २०२४ मध्यें लंडन येथें त्यांच्या पायावर शस्त्रक्रिया झाली. चेन्नईच्या संघानें त्यांस मोकळें केलें, आणि नोव्हेंबर २०२४ मध्यें जेद्दा येथील आयपीएलच्या लिलावांत २ कोटी रुपयांच्या मूळ किमतीसही दहा संघांपैकीं एकानेंही बोली लावली नाहीं. त्याच लिलावांत आमच्या नाशिकच्या रामकृष्ण घोष ह्यांस चेन्नईनें ३० लक्ष रुपयांस घेतलें. आम्हां नाशिककरांस त्याचा आनंद झाला, तो योग्यच होता.

संघचालक मूर्ख होते असें मी म्हणणार नाहीं. वेगवान गोलंदाज चेंडू टाकतांना त्याच्या पुढच्या पायावर त्याच्या वजनाच्या कित्येक पट भार येतो. तेथें दुखावलेल्या पायाविषयीं शंका येणें साहजिक आहे. संघाची थैलीही मोजकीच असते. एकास दिलेला रुपया दुसऱ्यास देतां येत नाहीं. परंतु शंका येणें निराळें आणि परीक्षा न घेतांच निकाल देणें निराळें.

ठाकूर ह्यांनीं ती परीक्षा आपण होऊन दिली. ते चार दिवसांच्या रणजी सामन्यांकडे वळले. जानेवारी २०२५ मध्यें जम्मू-काश्मीरविरुद्ध त्यांनीं शतक काढलें, आणि लगेच पुढच्या सामन्यांत मेघालयाचे तीन गडी लागोपाठ तीन चेंडूंवर बाद केले. लखनौ संघाचे तेव्हांचे मार्गदर्शक झहीर खान हे आमच्या शेजारच्या जिल्ह्यांतील श्रीरामपूरचे. २०११ सालीं त्यांच्याही घोट्यावर शस्त्रक्रिया झाली होती, आणि त्याच वर्षीं डिसेंबरांत ते ऑस्ट्रेलियांत पुनः कसोटी सामना खेळले होते. रणजी सामने चालू असतांनाच त्यांनीं ठाकूर ह्यांस तयार राहण्याविषयीं कळविलें. मोहसिन खान जायबंदी झाल्यावर मार्च २०२५ मध्यें लखनौनें ठाकूर ह्यांस २ कोटी रुपयांस घेतलें, आणि २७ मार्च रोजीं हैदराबाद येथें त्यांनीं ३४ धांवांत ४ गडी बाद केले. पुढें त्याच हंगामांत त्यांच्या गोलंदाजीवर धांवाही पुष्कळ निघाल्या, हें सांगितलें पाहिजे. तरीही नोव्हेंबर २०२५ मध्यें मुंबई इंडियन्सनें त्याच २ कोटींस त्यांस आपल्याकडे घेतलें. मोल बेताचें होतें, आणि तें वायां गेलें असें कोणी म्हणूं शकत नाहीं.

अमेरिकेच्या बेसबॉल खेळांतही असें घडलें आहे. टॉमी जॉन नांवाच्या गोलंदाजाच्या कोपरावर १९७४ सालीं डॉ. फ्रँक जोब ह्यांनीं एक अगदीं नवी शस्त्रक्रिया केली. तो १९७६ सालीं परतला, १९८९ पर्यंत खेळला, आणि त्याच्या नांवावरील २८८ विजयांपैकीं १६४ त्या शस्त्रक्रियेनंतरचे आहेत.

हें मी इतक्या आग्रहानें कां लिहितों, तें आतां सांगतों. कांहीं वर्षांपूर्वीं आंतरशालेय सामन्यांसाठीं संघ निवडण्याचें काम मजकडे होतें. एका चांगल्या गोलंदाजाचा हात आदल्या पावसाळ्यांत मोडला होता. प्लास्टर निघालें, डॉक्टरांनीं परवानगी दिली, तरी मीं त्याचें नांव वगळलें. नेटमध्यें त्याचे सहा चेंडू तरी पाहावे, एवढेंही मला सुचलें नाहीं. तो हंगामभर धांवसंख्या लिहीत बसला. पुढच्या वर्षीं निवडीस तो आलाच नाहीं. मीं कारण विचारलें तेव्हां खालीं पाहून म्हणाला, "सर, तुम्हीं मला टाकूनच दिलें असेल, असें वाटलें." त्याला द्यावयास मजजवळ उत्तर नव्हतें.

म्हणून माझें मत असें : अशा खेळाडूस पूर्वीच्या कीर्तीवर घेऊं नये, तसेंच शस्त्रक्रियेच्या व्रणावरून टाकूंही नये. डॉक्टरांचा निर्वाळा असावा; त्यानें लांबच्या सामन्यांत पूर्ण गोलंदाजी करून दाखवावी; आणि करार एका वर्षाचा व बेताच्या रकमेचा असावा, म्हणजे तरुणाची वाटही अडणार नाहीं. ह्या तीन गोष्टी जुळल्या तर संघानें त्याला अवश्य घ्यावें.

पालकांस एक विनंती. मुलाची दुखापत लपवूं नका, आणि ती बरी होण्यापूर्वीं त्याला मैदानावर पाठवूं नका. आणि विद्यार्थ्यांनो, बऱ्याच दिवसांनीं परत आलेला सोबती मैदानाच्या कडेला उभा दिसला, तर प्रथम त्याच्या हातीं चेंडू द्या. तो खेळूं शकतो कीं नाहीं, हें त्यानंतर ठरवा.