पंधरा मिनिटांची शुश्रूषा

'व्यक्तिकेंद्री सेवा' हा शब्दप्रयोग इंग्लंडमधील स्थानिक स्वराज्य संस्थांच्या कागदपत्रांत आता सर्रास आढळतो. वृद्ध वा अपंग माणसाने केव्हा उठावे, काय खावे, कोणाच्या हातून अंघोळ घ्यावी हे त्याचे त्याने ठरवावे आणि सेवेने त्यानुसार वळावे, एवढाच त्याचा अर्थ. २०१४ च्या केअर अ‍ॅक्टने व्यक्तीच्या कल्याणास चालना देणे हे या संस्थांचे कर्तव्य ठरविले. कायदा चांगला आहे. प्रश्न आहे तो सकाळी दार उघडून आत येणाऱ्या सेविकेचा.

तिच्या हाती कधी अर्धा तास असतो, कधी पंधराच मिनिटे. तेवढ्यात स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धेला उठवायचे, स्वच्छ करायचे, कपडे घालायचे, औषध द्यायचे. वृद्धेने आज निळा झगा नको म्हटले, तर तत्त्वाप्रमाणे थांबले पाहिजे. थांबले तर पुढच्या घरी उशीर होतो. दोन घरांमधील प्रवासाचा वेळ किमान वेतनाच्या कायद्याने कामाचाच वेळ आहे, तरी तो बुडविला जात असल्याच्या तक्रारी वर्षानुवर्षे चालू आहेत. शरीरशुश्रूषेची गरज असलेल्यांना इतक्या अल्प भेटी योग्य नव्हेत, असे केअर अ‍ॅक्टखालील मार्गदर्शिकाच सांगते!

वस्तुतः या विचाराचा उगम व्यवस्थापनशास्त्रात नाही. पॉल हंट हे स्वतः अपंग होते आणि त्यांची उमेदीची वर्षे संस्थांच्या चार भिंतींत गेली होती. १९७२ मध्ये 'गार्डियन'ला पत्र लिहून त्यांनी संस्थांतील अपंगांना संघटित होण्याचे आवाहन केले. त्यातून उभ्या राहिलेल्या चळवळीच्या रेट्यामुळे १९९६ मध्ये सेवेचा पैसा थेट अपंग व्यक्तीच्या हाती देणारा कायदा झाला. डाव्या वर्तुळांत अनेकांना त्यात खाजगीकरणाचा वास आला. तो संशय निराधार नव्हता, पण अपुरा होता. हंट यांच्या सहकाऱ्यांचे बंड दुसऱ्याने आखलेल्या दिनक्रमाविरुद्ध होते, मग तो सरकारने आखलेला असो वा धर्मादाय संस्थेने. सरकारी मालकी आली की माणुसकी मागोमाग येते, ही समजूत समाजवाद्यांनी केव्हाच सोडावयास हवी होती.

बाजाराने मात्र ही मागणी सोयीस्करपणे गिळली. १९९० च्या कायद्याने सेवेची खरेदी-विक्री रूढ केली. त्याचे फळ २०११ मध्ये दिसले. सदर्न क्रॉस या कंपनीने निवासगृहांच्या इमारती विकून त्याच भाड्याने घेतल्या होत्या. भाडे डोईजड झाले, कंपनी कोसळली आणि सुमारे ३१ हजार निवासी टांगणीला लागले. तीव्र अपंगत्व असलेल्यांना स्वतंत्रपणे घरी राहता यावे यासाठीचा 'इंडिपेन्डन्ट लिव्हिंग फंड' सरकारने २०१५ मध्ये बंद केला. निवडीची भाषा राहिली, निवडीचा पैसा गेला.

स्मृतिभ्रंशाचे अभ्यासक टॉम किटवुड यांनी १९९७ मध्ये मांडले की, माणसाचे माणूसपण इतरांशी असलेल्या नात्यात टिकते. नाते जुळावयाचे तर तीच सेविका रोज यावी लागते. अल्प वेतन आणि शून्य तासांचे करार असताना ती टिकणार कशी? रिकाम्या जागा भरण्यासाठी २०२२ मध्ये परदेशी सेवकांना व्हिसाची वाट मोकळी केली गेली. भारतातूनही अनेक जण गेले. जुलै २०२५ मध्ये परदेशांतून होणाऱ्या नव्या भरतीसाठी ती वाट बंद झाली, वेतनाचा प्रश्न तसाच राहिला.

नेदरलँड्समध्ये २००६ साली सुरू झालेल्या 'ब्यूर्टझोर्ग' या ना-नफा संस्थेत परिचारिकांचे छोटे गट आपल्या कामाची आखणी स्वतःच करतात. वर मुकादम नाही. ब्रिटनमध्ये 'युनिसन' या कामगार संघटनेने २०१२ मध्ये सनद काढली. पंधरा मिनिटांच्या भेटी बंद, प्रवासाच्या वेळेचे वेतन, शक्यतो तीच सेविका, या तिच्या प्रमुख मागण्या. काही स्थानिक संस्थांनी तिच्यावर सह्याही केल्या. परंतु २०१० नंतर केंद्रीय अनुदानाला मोठी कात्री लागलेल्या या संस्था कंत्राटाचा दर ठरविताना त्या सहीची किती आठवण ठेवतात, हे कामगारांना आणि अपंगांच्या संघटनांना एकत्र बसूनच तपासावे लागेल.