पाळण्यात न दिसलेले पाय

मुलाचे पाय पाळण्यात दिसतात, असं आपण सर्रास म्हणतो. दहावी-बारावीचे निकाल लागले की ही म्हण घरोघरी ऐकू येते. ज्याचे पाय दिसले, त्याची आई पेढे वाटत फिरते. ज्याचे दिसले नाहीत, त्याची आई चार दिवस भिशीलाही जात नाही. पण मैत्रिणींनो, पाळण्यात पाय दिसलेच नाहीत तर पुढे काहीच नाही का? याचं एक छान उत्तर दूर अमेरिकेत, तेही खेळाच्या मैदानावर मिळतं.

तिथलं फुटबॉल आपल्या ओळखीचं नाही. लांबट चेंडू हातात घेऊन पळायचं, धडका द्यायच्या आणि सोसायच्या. मोठ्या कॉलेजांचे सामने बघायला लाखभर माणसं जमतात. चांगल्या खेळाडूची फी, राहणं, जेवण सगळं कॉलेज करतं. म्हणून प्रशिक्षक शाळाशाळांतून मुलं हेरत हिंडतात. सोळा-सतराच्या मुलांना दोनापासून पाचापर्यंत तारे दिले जातात. पाच तारेवाल्यामागे कॉलेजांची रांग, दोन तारेवाल्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही.

जॉश अ‍ॅलन हा कॅलिफोर्नियातल्या फायरबॉ नावाच्या छोट्या गावातला शेतकऱ्याचा मुलगा. उंच, पण किडकिडीत. शाळा संपली तेव्हा एकाही मोठ्या कॉलेजनं त्याला विचारलं नाही. तो जवळच्या रीडली कॉलेजात गेला. तिथे अंग भरलं, खेळ सुधारला. मग त्यानं स्वतःच ठिकठिकाणच्या प्रशिक्षकांना ई-मेल पाठवले आणि अखेर वायोमिंग विद्यापीठानं त्याला घेतलं. २०१८ मध्ये व्यावसायिक संघांच्या निवडीत त्याला सातव्या क्रमांकावर उचललं गेलं. २०२४ च्या हंगामात तर तो अख्ख्या लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला! जे. जे. वॉटला दोनच तारे होते. मधल्या काळात त्यानं घरोघरी पिझ्झा पोचवला, विस्कॉन्सिनच्या संघात शिष्यवृत्तीशिवाय शिरला आणि पुढे तीनदा सर्वोत्तम बचावपटू झाला.

तारे देणारे अगदीच चुकतात असं नाही. पाच तारेवाले पुढे चमकण्याची शक्यता जास्तच असते. पण सतराव्या वर्षी मुलगा किती लवकर वाढला ते मोजता येतं, किती वाढणार ते नाही. मिसरूड लवकर फुटलेला मुलगा वर्गात दांडगा दिसतो, म्हणून तोच जिंकतो. शहाणा प्रशिक्षक आज नुसतं वजन बघत नाही. तो हाडापेराची ठेवण बघतो, आईवडिलांची उंची बघतो, मुलगा आणखी कोणते खेळ खेळतो ते बघतो. आणि पहिलं वर्ष बहुतेक सरावातच घालवू देतो. खेळाच्या हिशेबात ते वर्ष वायाही जात नाही.

पण आता तिथेही धीर सुटत चाललाय. २०२१ पासून खेळाडूंना एका कॉलेजातून दुसऱ्यात जाणं सोपं झालं. त्यामुळे कच्च्या मुलाला घडवण्यापेक्षा दुसरीकडे घडलेला तयार खेळाडू आणणं प्रशिक्षकांना परवडतं. विरजण लागेपर्यंत थांबतंय कोण, बाजारात दही तयार मिळतंय!

प्रशिक्षकाचं एक वेळ समजू शकतं. हरला तर त्याची नोकरी जाते. आपली नोकरी कोण घेणार आहे? तरी आपणही सोळाव्या वर्षीच तारे वाटून मोकळ्या होतो. त्यातून मुलगा मागे पडला तर म्हणतो, 'लागेल मार्गाला, एक वर्ष जाऊ दे.' मुलगी मागे पडली की मात्र, 'आता स्थळं बघायला लागू या.' सरावाचं ते एक वर्ष तिच्या वाट्याला येतच नाही.

प्रत्येक मागे पडलेलं मूल अ‍ॅलन होणार नाही, हे खरंच. पण थांबल्याशिवाय ते कळायचं कसं? यंदा निकालाच्या दिवशी घरात कुणाला कमी मार्क पडले, तर लगेच शिक्का मारू नका. एक वर्ष द्या. मुलाला देता तसंच मुलीलाही.