गांडुळाची साक्ष

उल्हास नदीचें पाणी बिघडलें कीं मोहने गांवीं बोभाटा होतो; तिच्या कांठच्या मातीची विचारपूस मात्र कोणी करीत नाहीं. पावसाळ्यांत गळासाठीं माती उकरणारे आमचे विद्यार्थी म्हणतात, "गांडूळ वळवळतें, म्हणजे माती चांगली." आम्हांस हें मान्य नाहीं.

गांडूळ ओल्या त्वचेनें श्वास घेतें व माती गिळून जगतें. म्हणून मातींतील विष त्याच्या अंगांत दोन वाटांनीं शिरतें. डी.डी.टी.सारखीं द्रव्यें पाण्यांत जवळजवळ विरघळत नाहींत; चरबींत मात्र सांचत जातात. गांडूळ तत्काळ मरतेंच असें नाहीं. तें विष बाळगून जगतें व भक्षकास देतें. अमेरिकेंत एल्म वृक्षांवर फवारलेलें डी.डी.टी. गळलेल्या पानांतून गांडुळांत व त्यांतून रॉबिन पक्ष्यांत जाऊन पक्षी मेले, असें रॉय बार्कर यांनीं १९५८ सालीं दाखविलें.

आपल्या देशांत शेतीसाठीं डी.डी.टी. १९८९ सालीं बंद झालें. परंतु असलीं विषें मातींत वर्षानुवर्षें टिकतात. म्हणून पाण्याप्रमाणें कांठच्या मातीची व गांडुळांचीहि तपासणी व्हावी, आणि चार किड्यांसाठीं परसांत विष फवारण्यापूर्वीं आपण दोनदां विचार करावा. मुक्या जीवाची साक्ष आपण काढली नाहीं, तर ती आपल्या ताटांत निघेल.