वेग वाढवण्याआधी उष्णता बाहेर काढा

संगणकाचा प्रोसेसर कंपनीने ठरवून दिलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने पळवणे, म्हणजेच ओव्हरक्लॉकिंग, हा एके काळी बेताच्या पैशांत संगणक घेणाऱ्यांचा हक्काचा मार्ग होता. १९९८ साली बाजारात आलेल्या इंटेलच्या सेलेरॉन ३००ए या स्वस्त प्रोसेसरचे नाव जुन्या जाणकारांना आजही आठवते. त्याचा ठरलेला वेग ३०० मेगाहर्ट्झ होता. मदरबोर्डवरच्या बसचा वेग ६६ वरून १०० मेगाहर्ट्झ केला, की तो बहुतेक वेळा विनातक्रार ४५० मेगाहर्ट्झवर चाले आणि कित्येक पट महाग असलेल्या पेंटियम टूच्या बरोबरीने काम करी. २०११ मधला आय५-२५००के हाही तसाच. मूळ वेग ३.३ गिगाहर्ट्झ, पण डोक्यावर बरा हीटसिंक बसवला की ४.५ पर्यंत सहज जाई. त्या काळात कंपन्या सावधपणे कमी आकडा छापत आणि चिपमध्ये शिल्लक राहिलेली ताकद हुशार ग्राहकाच्या पदरात पडे. ती शिल्लक आता उरलेली नाही. तरीही ‘पैसे नसतील तर ओव्हरक्लॉक करा’ हा सल्ला मात्र तसाच फिरत राहिला आहे. आज घरगुती बजेटसाठी तो चुकीचा आहे आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात तर दुप्पट चुकीचा, असे माझे स्पष्ट मत आहे.

आताचा प्रोसेसर स्वतःच स्वतःला ओव्हरक्लॉक करतो. रायझन ५ ५६०० चा मूळ वेग ३.५ गिगाहर्ट्झ आणि बूस्टचा कमाल वेग ४.४ गिगाहर्ट्झ आहे. तापमान, विद्युतप्रवाह आणि वापरली जाणारी वीज यांवर सतत नजर ठेवून चिप या दोन आकड्यांमध्ये आपली जागा आपणच ठरवत असते. म्हणजे वाव असेल तेवढा वेग कारखान्यातूनच आपल्याला मिळालेला असतो. त्यावर हाताने आणखी ताणले, तर साधारण दोन-चार टक्के हाती लागतात. त्यातही सगळे कोअर एकाच वेगाला बांधले, तर एका कोअरच्या कामातला बूस्ट गमावण्याची पाळी येते. कंपन्या किती टोकाला गेल्या आहेत, हे २०२४ मध्ये साऱ्या जगाने पाहिले. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीचे अनेक वरच्या श्रेणीतले प्रोसेसर ग्राहकाने हात न लावताही अस्थिर होऊ लागले. गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागितले जात असल्याचे निष्पन्न झाले, दुरुस्तीसाठी नवा मायक्रोकोड, म्हणजे प्रोसेसरच्या आतला प्रोग्राम, द्यावा लागला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवावी लागली. आधीच झिजलेली चिप मात्र त्या मायक्रोकोडने पूर्ववत होत नाही. मूळ रचनाच इतकी काठावर असेल, तर घरी बसून आणखी व्होल्टेज चढवण्यात शहाणपण कसले?

यामागचे गणित सोपे आहे. चिप चालताना खर्च होणारी वीज वेगाच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या बाबतीत ती वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग १० टक्के वाढवला आणि तो टिकवण्यासाठी व्होल्टेजही १० टक्के वाढवावे लागले, तर १०० वॉटच्या जागी सुमारे १३३ वॉट लागतात. दहा टक्के कामासाठी तेहतीस टक्के जास्त उष्णता. हेच गणित उलट्या दिशेने ग्राहकाच्या फायद्याचे ठरते, आणि त्याकडे आपण पुरेसे लक्ष देत नाही. व्होल्टेज थोडे उतरवले, तर वेग जवळजवळ तेवढाच राहून उष्णता झपाट्याने घटते.

आता हवामानाकडे येऊ, कारण खरा प्रश्न इथे आहे. हवेवर चालणारा कोणताही कूलर प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. ठरावीक वॉटला तो चिपला खोलीच्या तापमानापेक्षा साधारण ठरावीक अंश वर ठेवतो. २१ अंशांच्या खोलीत ज्या कूलरखाली प्रोसेसर ७५ अंशांवर राहतो, त्याच कूलरखाली ३९ अंशांच्या खोलीत तो ९३ च्या आसपास जाईल. रायझन ५ ५६०० ची कमाल मर्यादा ९० अंश आहे, म्हणजे त्याच्याआधीच तो आपला वेग कमी करू लागेल. नागपूर, अकोला, चंद्रपूरला मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, आणि वरच्या मजल्यावरच्या खोलीत दुपारी ३९ अंश ही काही नवलाई नाही. डिसेंबरात जमवलेले ओव्हरक्लॉक मे महिन्यात संगणक हँग करते, ते यामुळेच. पाण्यावर चालणारा महागडा कूलरही या नियमाला अपवाद नाही, कारण शेवटी त्याचा रेडिएटर खोलीतल्याच हवेला उष्णता देतो. बर्फाचे किंवा पेल्टियरचे (विजेवर एक बाजू थंड होणाऱ्या पट्टीचे) प्रयोग करून चिप खोलीपेक्षा थंड केली, तर कोकण-गोव्याच्या दमट हवेत मदरबोर्डवर दव धरेल.

म्हणून हातात दोन-अडीच हजार रुपये असतील, तर ते उष्णता बाहेर काढण्यावर खर्च करावेत. पहिले काम फुकटचे आहे. अनेक घरांत कॅबिनेट लाकडी कॉम्प्युटर टेबलाच्या बंद कप्प्यात कोंबलेले असते आणि त्याने बाहेर टाकलेली गरम हवा तेच पुन्हा आत ओढते. ते उघड्यावर आणा, मागे वीतभर जागा सोडा. विदर्भात खोलीतल्या कूलरचा थेट झोत आणि तुषार त्यावर येऊ देऊ नका. संगणक बंद करून, पंख्याची पाती बोटाने धरून ब्लोअरने धूळ काढा. चार-पाच वर्षे जुनी थर्मल पेस्ट वाळलेली असते. ती पुसून वाटाण्याएवढी नवी पेस्ट लावली, की धातूच्या दोन पृष्ठभागांमधली हवा निघून जाते. रायझनच्या जुन्या एएम४ मदरबोर्डवर कूलर काढण्याआधी संगणक थोडा वेळ चालवून पेस्ट कोमट करावी, मग तो बंद करून, वायर काढून कूलर हलका फिरवत उचलावा, नाहीतर प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो. एवढ्यानेही भागले नाही, तर डब्यातून आलेला छोटा कूलर बदलून हीट पाइप आणि १२० मिलिमीटरच्या पंख्याचा टॉवर कूलर घ्यावा. दीड-दोन हजारांत चांगला मिळतो आणि पुढच्या प्रोसेसरलाही बहुतेक वेळा चालतो. शेवटी बायोसमध्ये जाऊन व्होल्टेज किंवा विजेची मर्यादा थोडी उतरवावी. प्रोसेसर थंड राहिला, की बूस्ट आपोआप जास्त वेळ टिकतो. म्हणजे वेग हवाच असेल, तर तोही याच वाटेने मिळतो.

यावर आक्षेप येतात आणि त्यांत तथ्य आहे. सेटिंग बदलायला पैसे लागत नाहीत, मग का नको? कारण त्याचा खर्च नंतर दिसतो. काठावरचा प्रोसेसर दर वेळी बंद पडतोच असे नाही. कधी तो निमूटपणे चुकीचे उत्तर देतो, आणि दुकानाचा हिशेब किंवा मुलीचा प्रकल्प असलेली फाइल खराब झाल्याचे महिन्याने कळते. शिवाय ओव्हरक्लॉकिंगमुळे झालेले नुकसान कंपन्यांच्या साध्या वॉरंटीत बसत नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: २५००के सारखे जुने प्रोसेसर अजून वापरात आहेत, त्यांच्यात ती शिल्लक खरोखरच आहे. हे मला मान्य आहे. तिथे जरूर वाढवा, पण त्या मदरबोर्डचे वयही ध्यानात घ्या. हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवल्याने अशा संगणकाला जो फरक पडतो, तो ओव्हरक्लॉकिंगने पडत नाही. तिसरा मुद्दा शिकण्याचा. व्होल्टेज, वेग आणि उष्णता यांचे नाते हाताने अनुभवणारा विद्यार्थी खूप काही शिकतो. त्याने हा खेळ जरूर खेळावा, फक्त घरच्या एकुलत्या एका संगणकावर नको.

संगणक जोडून देणाऱ्या दुकानदारांना आणि मराठीत परीक्षणे करणाऱ्या तरुणांना एक विनंती आहे. वातानुकूलित खोलीतले आकडे आमच्या उपयोगाचे नाहीत. पंखा लावलेल्या साध्या खोलीत, मे महिन्याच्या दुपारी, अर्धा तास पूर्ण भार देऊन प्रोसेसर किती अंशांवर स्थिरावतो ते मोजा आणि किमतीच्या शेजारी लिहा.