अंगठा कोणाचा?



यंदा शिमग्याच्या आधी तलावाखाली गेलेल्या जमिनींच्या मोबदल्याचे चेक चावडीवर वाटले. त्या दिवसांत निम्मा पाडा वीटभट्टीवर असतो, हे वाटणाऱ्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. जे हजर नव्हते त्यांचे चेक ‘आले की देऊ’ म्हणून ठेवून घेतले. त्यात एका विधवा बाईचा अकरा हजारांचा चेक होता. पावसाच्या तोंडावर ती भट्टीवरून परत आली तर चेक गायब! चौकशी केली तेव्हा कळलं की तालुक्याच्या बँकेत तिच्याच नावाचं खातं उघडलं गेलं, त्यात तो चेक भरला गेला, आणि आठ दिवसांत सगळे पैसे काढूनही झाले. बाई त्या बँकेची पायरी जन्मात चढलेली नाही.

तिचं नाव आम्ही छापत नाही. तिला अजून त्याच गावात राहायचं आहे.

बँकेत गेल्यावर साहेब म्हणाले, “पैसे तुलाच दिलेत, कागदावर तुझा अंगठा आहे.” बाई म्हणाली, “माझा अंगठा तर माझ्या हातालाच आहे, मग कागदावर कोणाचा उठला?” साहेबांनी उत्तर दिलं नाही, पोलिसांकडे जा म्हणाले. पोलीस म्हणाले, बँकेनं तक्रार करायला पाहिजे. प्रांत कचेरीत सांगितलं, आम्ही चेक दिला, आमचं काम संपलं. पाच खेपा झाल्या. पाच दिवसांची मजुरी बुडाली, एसटीचं भाडं वेगळं.

आम्ही तिच्याबरोबर गेलो आणि खातं उघडल्याचा फॉर्म दाखवा म्हणून मागितला. साहेब म्हणाले, खातेदाराची माहिती गुप्त असते, दुसऱ्याला दाखवता येत नाही. हे नीट ऐका. पैसे कोणाला दिले असं विचारलं, तर ही बाईच खातेदार. फॉर्म बघायला मागितला, तर ही बाई दुसरी कोणीतरी! दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या कशा असतील? खातं तिचं असेल तर तिला तिचे कागद दाखवा. नसेल तर तिच्या नावावर भलत्याच माणसाला पैसे दिले असं लिहून द्या. हे आम्ही बोललो तेव्हा साहेबांची जेवणाची वेळ झाली.

हीच बँक म्हशीच्या कर्जाच्या वसुलीला जीप घेऊन पाड्यात येते. तेव्हा दहा वर्षांपूर्वीच्या कागदावरचा अंगठा कोणाचा हे तिला बरोबर कळतं.

आता चेकाबद्दल थोडं, कारण हे पुन्हा होणार आहे. अजून बऱ्याच जणांचे चेक यायचे आहेत. चेकाच्या डाव्या कोपऱ्यात दोन तिरक्या रेघा असल्या तर त्याचे रोख पैसे खिडकीवर मिळत नाहीत, तो कुठल्या तरी खात्यातच भरावा लागतो. म्हणून चोराचा माग राहतो. या चेकावर रेघा होत्या, म्हणूनच कोणाला तरी तिच्या नावाचं खातं उघडावं लागलं. आणि हे खातं बँकेच्या जुन्या खातेदाराच्या ओळखीवर उघडलं गेलं. त्या फॉर्मवर ‘मी या बाईला ओळखतो’ म्हणून कोणाची तरी सही आहे. ती सही हाच आपला पहिला पुरावा. फॉर्म दाखवायला एवढी टाळाटाळ का, ते यावरून समजा.

चेकांचा कायदा 1881 सालचा आहे. त्याच्या 131 कलमाप्रमाणे, रेघा मारलेला चेक बँकेनं आपल्या खातेदारासाठी प्रामाणिकपणे आणि निष्काळजीपणा न करता वसूल केला, तर चेक मुळात दुसऱ्याचा निघाला तरी बँकेवर जबाबदारी येत नाही. म्हणजे निष्काळजीपणा केला तर हे संरक्षण गेलं. खातं उघडताना ओळख नीट पाहिली का, हे कोर्टं त्यात बघतात. तेव्हा ‘आमची काय चूक’ असं बँकेनं नुसतं म्हणून भागत नाही.

दुसरा पुरावा अंगठाच. आपल्याला अंगठाबहाद्दर म्हणून हिणवतात. पण सही कोणीही गिरवून काढील, एका माणसाच्या अंगठ्याच्या रेषा दुसऱ्याला उठवता येत नाहीत. पुण्याला पोलिसांचा ठसे तपासणारा विभाग आहे. पैसे काढल्याच्या कागदावरचा ठसा आणि बाईचा ठसा तिथं पाठवा, एवढंच आपलं मागणं आहे. ठसा पुसट असेल तर तेही तिथून लिहून येऊ दे. मग असा पुसट ठसा बघून अकरा हजार दिले कसे, ते बँकेला विचारू.

चोरानं नुसते पैसे नेले असं समजू नका. मोबदला घेताना पावतीवर ‘हरकत राखून स्वीकारले’ असं लिहिलं नाही, तर भूसंपादन कायद्याखाली वाढीव भाव मागायचा हक्क जातो. बाईच्या नावानं पावतीवर ज्यानं अंगठा उठवला, त्यानं असं काही लिहून घेतलं असेल का? तिच्या भाताच्या जमिनीला वरकसचा भाव लावलाय, त्यावर भांडायची वाटही त्या अंगठ्यानं बंद केली. म्हणून प्रांत कचेरीला आपलं सांगणं वेगळं आहे. कायदा म्हणतो, मोबदला हक्कदाराला द्यायचा. तो तिला अजून मिळालेला नाही, म्हणजे सरकारनं तो दिलेलाच नाही. जमिनीचा ताबा घेतल्यापासून पैसे देईपर्यंत व्याज द्यावं लागतं, पहिल्या वर्षी शेकडा 9 आणि पुढं शेकडा 15. ते व्याज आम्ही मागणार आहोत.

एक गोष्ट बोलायला अवघड आहे, पण बोललं पाहिजे. बँकेत जी बाई उभी केली ती शहरातून आणली नसणार. आपल्याच कुठल्या तरी पाड्यातली असेल. सावकाराचं देणं असेल, शंभर रुपये दिले असतील, ‘काही होत नाही, फक्त अंगठा लाव’ म्हणून सांगितलं असेल. तिच्यावर सगळा राग काढून मोकळं व्हायचं नाही. चेक चावडीतून बाहेर कसा आला आणि अकरा हजारातले किती कोणाकडे गेले, हे तिला माहीत आहे. तिनं पुढं येऊन सांगितलं तर संघटना तिच्यामागे उभी राहील. आणि यापुढे कोणी बँकेत दुसऱ्याच्या नावानं अंगठा लावायला किंवा न ओळखणाऱ्या माणसाची ओळख द्यायला बोलावलं, तर जाऊ नका.

आपलं बोलणं कचेरीत हवेत विरतं, म्हणून सगळं कागदावर हवं. अर्ज दोन प्रतींत करायचा, एक द्यायची, दुसरीवर ‘पोचला’ असा शिक्का आणि तारीख घ्यायची. घेत नसतील तर पोचपावतीसह टपालानं पाठवायचा. पोलिसांना गुन्हा नोंदवून त्याची नक्कल फुकट द्यावी लागते. ठाणेदार नाही म्हणाला तर तीच तक्रार जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकाला टपालानं पाठवता येते. आपण ती पाठवली आहे.

येत्या मंगळवारी बाजाराच्या दिवशी सकाळी 11 वाजता आपण बाईबरोबर बँकेत जायचं आहे. अर्ज तयार आहे. त्यावर शिक्का मिळेपर्यंत तिथंच बसायचं, म्हणून भाकरी बांधून या. ज्यांचे चेक चावडीवर राहिले आहेत त्यांनी भूसंपादनाची नोटीस आणि असेल तर पासबुक बरोबर आणावं. बँकेतून आपण थेट चावडीवर जाणार आहोत. कोणाचे चेक अजून आहेत आणि कोणाचे गेले, त्याची यादी तिथंच सगळ्यांसमोर वाचून घ्यायची आहे.