खाड्याचा हिशेब

घरातलं माणूस अंथरुणाला खिळलं की आपण दिसेल त्याला विचारतो, "एखादी चांगली बाई आहे का हो पाहण्यात?" चांगली म्हणजे प्रामाणिक, मायाळू, वेळेवर येणारी. रुग्णसेवा शिकलेली आहे का, हे मात्र विचारायचं राहूनच जातं.

माझ्या सासूबाईंचं खुब्याचं हाड मोडलं तेव्हा मीही तेच केलं. मावशी मिळाल्या त्या अगदी जीव लावणाऱ्या. पण पडून असलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते, हे ना त्यांना ठाऊक, ना मला. पंधरवड्यात सासूबाईंच्या माकडहाडावर जखम झाली. ती भरून यायला तीन महिने लागले.

डॉक्टरीणबाईंनी घरगुती रुग्णसेवेचा एक वर्ग सुचवला. फी नव्हती. मी उत्साहानं सांगितलं, तर मावशी म्हणाल्या, "वहिनी, फी नाही हे खरं. पण माझा खाडा पडेल, त्याचं काय?"

खरंच की! रोजच्या कमाईवर घर चालवणाऱ्या बाईला फुकटचं शिक्षणही महागच पडतं. जून २०२१ मध्ये, करोनाच्या काळात, केंद्र सरकारनं एक लाख जणांना तयार करण्यासाठी सहा छोटे अभ्यासक्रम सुरू केले. त्यांत घरी रुग्णाची काळजी घेण्याचाही एक होता. मोफत शिकवण्याबरोबर राहणं-जेवण, विद्यावेतन आणि दोन लाखांचा अपघात विमाही जाहीर झाला होता. शिकणाऱ्याच्या खाड्याचा विचार तिथं केलेला होता.

आपल्या घरापुरता तो आपणही करू शकतो. वर्गाच्या तासांचा पगार कापू नका. बसभाडं वेगळं द्या. तेवढा वेळ घरच्यांनी पाळ्या लावाव्यात, पुरुषमंडळींनीसुद्धा! आणि प्रमाणपत्र मिळाल्यावर पगार किती वाढवायचा, ते आधीच बोलून ठेवा.

आम्ही तसं केलं. आता चादरीला सुरकुती दिसली की मावशीच मला हटकतात!

"शिकून दुसरीकडे गेली तर?" असं शेजारीण म्हणाली. जाईना का! जाईल त्या घरातल्या आजींची पाठ तरी शाबूत राहील.