सुटलेला ईमेल

गेल्या वर्षी मंडळाच्या काव्यस्पर्धेची वेबसाइट करताना माझ्या हातून एक चूक झाली. ईमेल जातो का, हे बघायला मी बटण दाबलं आणि ‘अभिनंदन, तुमची निवड झाली’ हा मजकूर खऱ्या स्पर्धकांनाच गेला. एकीच्या घरी तर पेढेही वाटून झाले. तिची माफी मागताना मान वर होईना.

तेव्हापासून माझं ठाम मत आहे, चाचणीतून खरा ईमेल बाहेर जाताच कामा नये. त्यासाठी फार खटाटोपही लागत नाही. आमची साइट पायथनच्या जँगो फ्रेमवर्कमध्ये आहे. त्यात युनिट टेस्ट चालवली की ईमेल बाहेर न जाता मेमरीतल्या ‘आउटबॉक्स’ नावाच्या यादीत जमा होतो. मग तपासायचं: ईमेल एकच आहे ना? पत्ता, विषय, नाव बरोबर आहे ना? नमुन्याचे पत्तेही ‘एक्झाम्पल डॉट कॉम’चे घ्यावेत, हे नाव १९९९ पासून अशाच कामासाठी राखीव आहे.

मित्र म्हणतात, “एकदा पाठवून बघितलं की कळतंच की!” कळतं ना, पण आपल्याआधी समोरच्याला कळतं. म्हणून यंदा ही टेस्ट लिहून झाल्याशिवाय स्पर्धेची नोंदणी उघडू नये, असं माझं मंडळाला सांगणं आहे.